वर आलेलं सगळं

निमित्त पाण्याच्या बाटलीचं झालं. माथेरानला, जिथे मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात आणि पुढे सगळं चालत, घोड्यावर किंवा डोक्यावरून न्यावं लागतं, शार्लोट लेककडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका टपरीत माझ्या भाच्यानं बाटली घेतली आणि छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले म्हणून तो अडून बसला. नुकताच कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेलाय, त्यामुळे ग्राहकाचे हक्क वगैरे शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते. टपरीवाल्या काकूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. हातातलं लिंबू कापून झालं, त्याच्यावर मीठ भुरभुरवून झालं, मग म्हणाल्या, "बाळा, तू दस्तुरीपासून इथवर चालत आलास ना? ही पण आली. पण हिला पाय नाहीत." भाचा हसला, पैसे दिले, आणि पुढच्या वळणावर माकडानं कुणाची तरी चिप्सची पुडी पळवली तेव्हा ती गोष्ट विसरूनही गेला. मला मात्र ते वाक्य दिवसभर आडवं येत राहिलं. हॉटेलच्या अंगणात वाळत घातलेल्या गाद्या दिसल्या की वाटायचं, ह्यांना कुठे पाय आहेत? मक्याच्या कणसांचं पोतं, कोंबड्यांची खुराडी, भिंतीशी रचलेल्या विटा, सिमेंट, आरशाचं कपाट, आणि एका बाईच्या डोक्यावर, जाड चुंबळीवर, गॅसचं सिलिंडर. ती माझ्या समोरून आली, मानेचा एक स्नायूही न हलवता "जरा बाजूला व्हा हं ताई" म्हणाली आणि गेली. तिच्या मागून येणाऱ्या एका जोडप्यानं तिचा पाठमोरा फोटो काढला. फोटो छान आला असणार. लाल रस्ता, दोन्ही बाजूंनी जांभळाची झाडं, पानांतून गाळून आलेलं ऊन.

आम्ही लहानपणी जायचो तेव्हा हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण आम्ही स्वतःच गाडीतून वर चढवलेलं सामान होतो. कल्याणहून पहाटेची कर्जत लोकल, नेरळला उतरून पलीकडच्या छोट्या फलाटावर रांग, वडिलांच्या हातात तिकिटं आणि आईच्या मांडीवर दशम्यांचा डबा. दोन फुटांच्या रुळांवरची ती गाडी इतकी सावकाश चढायची की मोठी मुलं वळणावर उडी मारून करवंदं तोडत आणि पुढच्या वळणावर पुन्हा डब्यात येत. आम्हाला अर्थातच परवानगी नव्हती. जुम्मापट्टी आलं की पाट्या घेऊन बायका खिडकीशी यायच्या. पानांच्या द्रोणात जांभळं, तिखटमीठ लावलेल्या काकड्या. वॉटर पाईप नावाचं स्टेशन आलं की वडील दर वेळी सांगायचे, इथे इंजिन पाणी प्यायचं. वाफेची इंजिनं त्यांनी पाहिली होती, आम्हाला डिझेलच आठवतं. तरी त्या तहानलेल्या इंजिनाची गोष्ट आम्हाला आवडायची. आणि तो एवढुसा बोगदा, ज्याला वन किस टनेल म्हणतात हे वडिलांनी कधीच सांगितलं नाही आणि ते आम्हाला कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींकडून कळलं.

वडिलांचा इतिहास १८५० साली सुरू व्हायचा. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूनं डोंगर चढला आणि त्यानं माथेरान शोधून काढलं. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांनी मनावर घेतलं, रस्ते झाले, बंगले झाले. मग सर आदमजी पीरभॉय आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन. घरचे सोळा लाख रुपये घालून त्यांनी रेल्वे बांधली. १९०४ साली काम सुरू, १९०७ साली गाडी चालू. जर्मनीहून ओरेनस्टाइन अँड कोप्पेलची इंजिनं आली. ही गोष्ट वडील फार रंगवून सांगत आणि शेवटी न चुकता म्हणत, "बापलेकानं पदरचे पैसे घातले. हल्ली कोण घालतो?" ह्या प्रश्नाला आमच्या घरात कधी कुणी उत्तर दिलं नाही.

गोष्ट खरीच आहे. तिच्यात खोट काढायची नाही मला. पण त्या दिवशी चालताना लक्षात आलं की ह्या गोष्टीत मॅलेटपासून अब्दुल हुसेनपर्यंतची साठेक वर्षं कुणी पायीच चढलेलं नाही असं वाटतं. साहेब चढले, मडमा चढल्या, पारशी आणि बोहरी शेठजींची बिऱ्हाडं चढली. चढली म्हणजे पालखीत, तट्टावर, खुर्चीला दांडे बांधून. रेल्वे येण्याआधी माथेरान चांगलं भरभराटीला आलेलं होतं. बंगल्यांच्या बिडाच्या जाळ्या, खिडक्यांच्या रंगीत काचा, जेवणघरांतली शिसवी टेबलं, हे सगळं नेरळहून कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर आलं. जंगल तर मॅलेट यायच्या आधीही होतं, आणि त्यात माणसंही होती. उतारांवर ठाकर, कातकरी आणि धनगर राहत होते. शार्लोट लेकच्या काठाला पिसरनाथाचा शेंदूर लावलेला देव आहे. साहेबानं शोधला तो डोंगर कुणी हरवलेला नव्हता. बहुधा साहेबाच्या पुढे वाट दाखवत कुणीतरी चाललं असणार, कारण चौकच्या अंगानं ती चढण अशी आहे की नवख्या माणसाला आजही कुणीतरी पुढे लागतंच.

पॉइंटांची नावं मात्र साहेबाच्याच घरची राहिली. लुईझा, गार्बट, अलेक्झांडर, हार्ट. घोडेवाले ती आपल्या जिभेवर घोळवून इतकी आपलीशी करतात की 'गारबट' हा आपलाच कुणी ग्रामदेव असावा असं वाटतं. माझी त्याला हरकत नाही. नावं बदलून काही होत नाही, पाट्या रंगवणाऱ्याला काम मिळतं एवढंच.

पॅनोरमा पॉइंटच्या वाटेवर चित्रकलेच्या कॉलेजची मुलं बसलेली भेटली. दर थंडीत कुठल्या ना कुठल्या कॉलेजची भेटतातच. मुंबईहून दोन तासांवर, मोटारींचा धूर नाही, सावल्या लांब आणि रंग तयार. लाल मातीवर हिरवं, हिरव्यावर धुकं, धुक्यामागं प्रबळगडाचा निळा कातळ. जलरंगवाल्याला आणखी काय हवं? लिहिणारेही येतात. एखाद्या जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत वही घेऊन बसलेला माणूस हा माथेरानच्या प्राणिसृष्टीचाच भाग आहे. मी मुलांच्या पाठीमागून जरा वेळ बघत राहिले. एका मुलीनं घोडा काढला होता, सुंदर काढला होता, मान, आयाळ, लगाम. लगाम धरणाऱ्याच्या जागी कागद कोरा होता. मी विचारलं, "हा राहिला का?" ती म्हणाली, "सरांनी सांगितलंय, फिगर नको, लँडस्केप करा." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिचं चित्र चुकीचं नव्हतं. बंगल्यांच्या दिवाणखान्यांत आणि हॉटेलांच्या जिन्यांत टांगलेली माथेरानची चित्रं मी इतकी वर्षं बघतेय, त्यांत झाडं आहेत, दऱ्या आहेत, सूर्यास्त तर पोत्यानं आहेत. पाठीवर काही घेतलेला माणूस मला तरी त्यांत दिसलेला नाही.

आणि तरीही मी तिथे जाते ती त्या चित्रांसाठीच. हे सांगायला हवं. दस्तुरी नाक्यावर गाड्यांची गर्दी मागे पडली आणि अमन लॉज स्टेशनच्या पुढे झाडी सुरू झाली की खांदे आपोआप खाली येतात. हॉर्न नाही. पायाखाली मातीचा आवाज, लांबून घोड्याच्या टापा, कुठेतरी नाल ठोकल्याचा टणत्कार. हवेत लीद, ओली पानं, भाजलेलं कणीस आणि चिक्कीच्या दुकानातला गूळ ह्यांचा मिळून जो वास असतो तो दुसऱ्या कुठल्याही गावाला नाही. मार्चच्या सुमाराला अंजनी फुलते, निळ्या-जांभळ्या फुलांनी फांद्या लदबदतात. २००३ साली केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, मोटारींना बंदी तर कितीतरी आधीपासून होती. मला ती बंदी हवीच आहे. तिच्यामुळे माथेरानचं लोणावळा झालं नाही. पण ज्या शांततेसाठी मी जाते, ती शांतता म्हणजे इंजिनाचं काम माणसानं करणं. सिलिंडर आवाज न करता वर येतं, कारण ते डोक्यावरून येतं.

हे एवढं साधं. पण इतकी वर्षं डोक्यात आलं नव्हतं.

बाजारपेठेत परत येताना भाई कोतवालांची आठवण झाली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ह्यांचा जन्म १९१२ सालचा, माथेरानातला, नाभिक कुटुंबातला. माझ्या वडिलांच्या इतिहासात ते होते, पण वेगळ्या कप्प्यात. मॅलेट आणि पीरभॉय थंड हवेच्या कप्प्यात, कोतवाल स्वातंत्र्याच्या कप्प्यात. ह्या दोन कप्प्यांमधली भिंत मी आता काढून टाकलीय. थंड हवेच्या ठिकाणी नाभिकाचं घर म्हणजे काय, हे कल्पना करून पाहण्यासारखं आहे. मे महिन्यात गाव भरतं, गालावर साबण लावून डोळे मिटून बसलेले मोठमोठे लोक मुंबईच्या, बाजारभावांच्या, सरकारच्या गोष्टी करतात. वस्तरा चालवणाऱ्याला बोलायचं नसतं. त्या घरातला मुलगा शिकला, वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. आणि वर बसून न राहता खाली उतरला. कर्जतच्या आणि मुरबाडच्या बाजूच्या शेतकऱ्यांत, आदिवासींत त्यांनी शाळा काढल्या. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याच्या पेढ्या काढल्या. १९४२ साली भूमिगत होऊन त्यांच्या आझाद दस्ता नावाच्या तुकडीनं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. मुंबईचे दिवे आणि गिरण्या ज्या तारांवर चालत होत्या त्या ह्याच डोंगररानांतून जात होत्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी पहाटे वेढा घातला. भाई आणि त्यांचे साथी हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले. भाई तिशीचे होते.

मला त्यांच्या ह्या उतरण्याचं नवल वाटतं. माथेरानच्या सगळ्या गोष्टी चढण्याच्या आहेत, कोण प्रथम चढलं, कशातून चढलं, किती वेळात चढलं. ज्याची गोष्ट उतरण्याची आहे असा मला ठाऊक असलेला हा एकच माथेरानकर. डोंगराच्या कुशीतल्या ज्या वाड्यांतून माणसं वर कामाला येत होती, त्या वाड्या त्यांना नावानिशी ठाऊक होत्या, आणि मला, इतकी वर्षं येऊन, नव्हत्या. आसलवाडी, बेकरेवाडी, किरवलीवाडी, धनगरवाडा. आजही ह्यातल्या बऱ्याच वाड्यांतून पहाटे माणसं उभ्या चढणीनं माथेरानात येतात. हॉटेलांत भांडी घासायला, ओझी वाहायला, रानमेवा विकायला, आणि संध्याकाळी उतरून घरी जातात. आपण ज्याला ट्रेक म्हणतो आणि ज्यासाठी खास बूट घेतो, ती त्यांची ऑफिसची लोकल आहे. वाडीत कुणी आजारी पडलं, बाळंतपण अडलं, तर झोळी करून नेतात. पुन्हा खांदे.

चौक पॉइंटच्या बाजूनं समोर इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या नेढ्यातून आरपार आभाळ दिसतं म्हणून फोटोवाल्यांचा तो लाडका. त्याच्या पायथ्याशी इर्शाळवाडी होती, ठाकरांची, आणि ट्रेकला जाणारे तिथे पोहे-पिठलं खायला थांबत. १९ जुलै २०२३ च्या रात्री पावसात दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. २७ मृतदेह निघाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. पोकलेन, जेसीबी खालीच उभे राहिले, वरची माती माणसांनी फावड्यांनी आणि हातांनी उपसली. ती बातमी टीव्हीवर बघताना आमच्या सोसायटीतलं कुणीतरी म्हणालं, "अशा ठिकाणी राहायचंच कशाला?" त्या वाक्यावर मी तेव्हा काही बोलले नाही. पण आपण ज्याला रम्य म्हणतो त्या सगळ्या दऱ्या कुणाच्या तरी घरामागच्या आहेत, आणि त्या घरातला माणूस तिथे राहतो म्हणून आपल्याला सकाळी चहाबरोबर गरम पोहे मिळतात, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मॅलेटसाहेब चढला ती वाट इथून फार लांब नाही.

माथेरानात उचललेल्या ओझ्यांमध्ये सगळ्यात अवघड ओझं माणसाचं. हातरिक्षा मी पहिल्यांदा पाहिली ती आजीसाठी केलेली. आजीचे गुडघे गेलेले होते आणि गाडीच्या स्टेशनापासून आमचं उतरायचं घर लांब होतं. पुढे एक ओढणारा, मागून दोघं रेटणारे. आजी पदर सावरून बसली, पण तिला काही केल्या टेकून बसता येईना. पुढच्याच्या मानेकडे बघत ती अंग चोरून बसलेली मला अजून दिसते. उतरल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढले, ठरलेल्याहून जास्त दिले, आणि शिवाय दशम्याही दिल्या. वडील म्हणाले, आई, अगं ठरलेत पैसे. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." परत जाताना ती चालत गेली. बसत, उठत, झाडाला धरत. आमची गाडी चुकायची वेळ आली होती आणि वडिलांचा पारा चढला होता.

६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानवी आहे आणि सहा महिन्यांत ती बंद झाली पाहिजे. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या खंडपीठाचा निकाल. स्वातंत्र्याला ७८ वर्षं झाल्यावरही हे चालू आहे ह्याबद्दल न्यायालयानं खेद व्यक्त केला. रिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्याव्यात, ह्यासाठी गुजरातमधल्या केवडियाचं उदाहरण दिलं. रस्त्याचाही प्रश्न होता. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक राहू द्यावेत, पण आतल्या रस्त्यांवर आणि पॉइंटांच्या वाटांवर नकोत, असा तोडगा निघाला. निकाल वाचून मला बरं वाटलं, आणि दुसऱ्या मिनिटाला ब्लॉकच्या रस्त्याचं वाईट वाटलं. लाल मातीतून चालल्यावर मोज्यांवर जी रेघ उमटते ती मुंबईला धुवूनही जात नाही, तिचं मला लहानपणापासून कौतुक. आता ती रेघ निम्म्या वाटेवरच उमटणार. ह्या वाईट वाटण्याची किंमत किती धरायची? माझ्या मते फारशी नाही. रस्त्याचा लालपणा राहावा म्हणून कुणाच्या तरी कमरेचे मणके झिजावेत हे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही. घोडेवाल्यांचा विरोध मला समजतो, पर्यावरणवाल्यांची भीती तर मला स्वतःलाच आहे. आज ई-रिक्षा, उद्या काय? पण ह्या भीतीचं भाडं रिक्षा ओढणाऱ्यांनी का भरायचं?

रेल्वेसुद्धा एकेकाळी अशीच नको असलेली असणार कुणाला तरी. तिच्यामुळे कितीजणांच्या पालख्या बंद पडल्या, कितीजणांचे तट्टू विकले गेले, ह्याची गोष्ट वडिलांच्या इतिहासात नव्हती. गाडी आली आणि सगळ्यांना आनंद झाला, एवढंच होतं. तीच गाडी आता पावसानं सारखी अडते. २००५ च्या २६ जुलैनं मार्ग उखडला, २०१९ च्या पावसानं पुन्हा, आणि नेरळहून थेट वर यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. मधल्या काळात सगळं पुन्हा खांद्यांवर आणि घोड्यांवर आलं. आता तर पाणीही खालून चढतं. उल्हास नदीचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर आणतात, तेव्हा हॉटेलातला शॉवर चालतो. वॉटर पाईप स्टेशनात पाणी पिणारं इंजिन गेलं, पाण्याचा पाईप राहिला.

संध्याकाळी परतताना आम्ही ई-रिक्षा केली, कारण माझ्या बहिणीचा पाय मुरगळला होता. चालवणारा पन्नाशीच्या आसपासचा. आधी हातरिक्षा ओढायचा, असं त्यानंच सांगितलं. मी विचारलं, कसं वाटतं आता? तो म्हणाला, "कंबर बरी आहे. रात्री झोप लागते." मग जरा थांबून म्हणाला, "पण आधी लोक उतरताना वर पन्नास-शंभर द्यायचे. लाज वाटायची त्यांना. आता मोजून देतात." मला आजीच्या दशम्या आठवल्या. भाच्यानं विचारलं, "मग काका, ते बरं होतं की हे?" "हेच बरं. ते काय कमाई होती?" म्हणून त्यानं हात झटकला आणि लगेच पुढची तक्रार सुरू केली. चार्जिंगला नंबर लागतो, पावसात बॅटरी बसते, गाड्या कमी आणि माणसं जास्त, सुट्टीच्या दिवशी तर रांग बाजारापर्यंत. बाजूनं एक घोडेवाला मोकळा घोडा घेऊन उतरत होता. त्यानं हे ऐकलं आणि म्हणाला, "तुझं झालं बाबा कोर्टात. माझा घोडा उभा राहून पण खातो, त्याचं कोण बघणार?" आमचे काका उखडले. "तू कधी रिक्षा ओढलीस का?" "तू कधी घोडा पाळलास का?" घोडा रिक्षाच्या वेगानंच चालत होता, त्यामुळे भांडण अमन लॉजपर्यंत आमच्या शेजारून चालत आलं, आणि भाचा, ज्याला कायदा शिकायचाय, पुढे वाकून दोघांचंही ऐकत होता.